व्याह्यांना गुहेत ढकलताना

पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाल्यावर व्याही म्हणाले, "आपण सर्व चिखलदऱ्याला जाऊन येऊ." ते अमरावतीचे वकील, बोलणं अगदी छापील. पण मी अकोल्याचा, त्यातही जठारपेठेतला. पाहुण्यांना घराजवळचा डोंगर दाखवणं मला कमीपणाचं वाटलं. मी थेट बस्तरच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाची तिकिटं काढली. विहीणबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून स्वतःची सुटका करून घेतली.

लग्न तोंडावर आलं होतं. "व्याह्यांचा मान राखा, नाहीतर पोरीले जन्मभर ऐकावं लागन," बायकोनं बजावलं. मी तो असा राखला, की वैऱ्याचाही कोणी राखू नये.

जगदलपुरात ताटात चापडा (लाल मुंग्यांची चटणी) आली. "पयले तुमी," मी म्हटलं. व्याह्यांनी डोळे मिटून घास गिळला. तीरथगडचा धबधबा दुधासारखा पायरीपायरीनं उतरतो. शेवाळलेल्या खडकावरही मी त्यांनाच पुढे केलं. तेही पायरीपायरीनंच उतरले, बसून.

मग कोटमसरची गुहा. चुनखडीच्या डोंगरात जेमतेम एक फट. गाइड दिवा घेऊन आत शिरला.

"पयले तुमी."

"नको, आपण व्हा पुढे."

"असं कसं? मान तुमचा!"

ते शिरले आणि पोटाशी अडकले.

"साहब, पीछे से धक्का दीजिए!" आतून गाइड ओरडला.

व्याह्यांचे पाय धुवायचे असतात, एवढं मला ठाऊक होतं. समोर जे होतं, त्याचं काय करायचं हे कोणत्याच भटजींनी सांगितलं नव्हतं.

"अवो, पाहून काय राहिले? ढकला ना!" बायको.

"अवं, व्याही हायेत ते!"

वकीलसाहेबांचं छापील मराठी तिथंच संपलं. "व्याही गेला खड्ड्यात! ढकला ना बाप्पा!"

मी डोळे मिटून ढकललं. ते आत गेले, एक चप्पल माझ्या हातात राहिली.

आत छतापासून चुनखडीची झुंबरं लोंबत होती. डबक्यातले आंधळे मासे पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

परतताना व्याही फटीपाशी अदबीनं बाजूला झाले. "आता पयले तुमी." मी अडकलो, हे सांगायला नकोच. त्यांनी कसलाही संकोच केला नाही. पायही लावला असावा.

गाडी बडनेऱ्याला आली; अमरावतीसाठी व्याह्यांना इथंच उतरायचं होतं. मी भीतभीत विचारलं, "लग्नातल्या मानपानाचं कसं करायचं?"

"काहून? आता काय बाकी राह्यलं?" ते हसले. पोरीच्या बापाला यापरता आहेर नाही.

सवयीनं मी दारातून बाजूला झालो. "पयले तुमी."

व्याही थबकले. मग दांडा घट्ट धरून, नजर माझ्या हातांवर ठेवून, माझ्याकडे पाठ न करता, उलटे उतरले.