रिकाम्या बाटलीतला हुंकार

धाकटीला लहानपणापासून एकच खोड: हात घातला की सगळ्यालाच घालायचा. खोली झाडायला सांगितली तर जिना झाडून ती रस्त्यावर पोचायची. पुढे टेलिफोन कंपनीत इंजिनिअर झाली, पण खोड जाते कुठे!

तिची ताई जन्मापासून बहिरी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत गणित शिकवायची. एकदा ताईच्या स्वयंपाकघरात आग लागली. टाइप केलेलं पलीकडे तिथल्या तिथे दिसावं, अशी सोय तिच्या फोनवर होती. तिनं मदतकेंद्राला फोन लावून भराभर टाइप केलं, पण दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरताना अक्षरं गळून पडली. पलीकडच्याला काहीच ऐकू आलं नाही, त्यानं फोन ठेवून दिला. शेजाऱ्यांनी धूर पाहिला म्हणून ताई वाचली. त्याच दिवशी धाकटीनं कंबर कसली.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे तिनं कार्यगट मागितला. टाइप केलेली हाक कुठल्याही कंपनीच्या फोनवरून पोचलीच पाहिजे, एवढं त्या गटानं लिहून काढायचं. पण बाईसाहेबांनी मसुद्यात चित्रं घातली, भाषांतर घातलं, दारावरची घंटासुद्धा घातली. एक ना धड, भाराभर चिंध्या! सभेनं मागणी फेटाळली. एका विषयाला तिथे दोनच सभा मिळतात, तेव्हा आता शेवटचीच उरली होती.

ताईनं मसुदा वाचला आणि हातांनीच झापलं, "पाच गणितं अर्धवट सोडवलीस तर मी शून्य देते. मला घंटा नकोय गं. मी हाक मारली की पोचू दे. बाकीचं खोड."

धाकटी दोन दिवस रुसली. मग खोडत बसली.

दुसऱ्या सभेला ताई पहिल्या रांगेत. तिथे मतदान नसतं. आधी बाजूनं असलेले तोंड मिटून 'हूं' असा हुंकार देतात, मग विरोधातले, आणि अध्यक्ष कानानं अंदाज घेतात. अध्यक्ष म्हणाले, "गट व्हावा असं वाटणाऱ्यांनी हुंकार द्या." धाकटीच्या कानात तिचंच काळीज धडधडत होतं, तिला कसला अंदाज येणार! तिनं ताईकडे पाहिलं. ताईच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. हुंकारानं ती तिच्या बोटांत थरथरत होती, आणि ताईचे डोळे मोठे झाले होते.

"आता विरोधातले."

ताईनं बाटली घट्ट धरली, मग हलवून पाहिली, उलटी करून पाहिली. आता आत काहीच थरथरत नव्हतं.

"कौल स्पष्ट आहे," अध्यक्ष म्हणाले. "गटाची शिफारस करतो."

पुढे मंजुरीही आली. पण धाकटी रडली ती तिथेच, भर सभेत. कारण ताईनं बाटली खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केले होते आणि खूण केली होती, "पोचलं."