पीठ शंभर धरणारा रॉय

इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन गावी, चढावरच्या गल्लीत, रॉय एन्टविसलचं नाव काढलं की जुन्या लोकांना अजून गरम पाव आठवतो. चव्वेचाळीस वर्षं त्याने भट्टीपुढे काढली. भट्टी विकून सहा वर्षं झाली, तरी तोरा तसाच. बायकोने, ग्लेंडाने, बाजारातून केक आणला की हा आधी वास घेणार, मग नाक मुरडणार आणि मग मुकाट्याने दोन तुकडे खाणार.

भट्टी गेली, सिगारेट राहिली. दिवसाला पंचवीस. आता डाव्या पायाची रक्तवाहिनी चोंदली होती आणि चढावर प्रत्येक दिव्याच्या खांबाशी त्याला थांबावं लागे. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सिगारेट सुटली तर ऑपरेशन करते. नाही सुटली तर पाय वाचेल याची खात्री देत नाही." दर पंधरवड्याला जोआन नावाच्या नर्सकडे जाऊन यंत्रात फुंकायचं. सिगारेटच्या धुराचा आकडा सहाच्या खाली आला की नाव यादीत.

म्हणून त्याने व्हेप, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायचं यंत्र, घेतलं. पण दुकानातलं कस्टर्डच्या चवीचं तयार लिक्विड ओढल्यावर त्याच्यातला बेकर खवळला. "याला कस्टर्ड म्हणणाऱ्याला मी भट्टीच्या दारातही उभं केलं नसतं," म्हणाला, आणि घरीच मिश्रण करायला बसला. कृती इंटरनेटवरून उतरवून घेतली: बेस, म्हणजे ग्लिसरीन सत्तर आणि पातळ ग्लायकॉल तीस, निकोटिन पन्नास टक्के, कस्टर्डचा अर्क पंधरा टक्के. कोपऱ्यावर व्हेपचं दुकान चालवणाऱ्या फरजानाकडून सामान आणलं. निकोटिनच्या बाटल्या अठराच्या ताकदीच्या, म्हणजे एका मिलीत अठरा मिलिग्रॅम. मिश्रण नऊचं व्हायला हवं होतं. सिरिंजने रेघेवर रेघ मिळवून त्याने सगळं मोजलं. मोजण्यात रॉयचा हात कोण धरणार!

तीन आठवडे दिवसभर ओढूनही तलफ भागेना. चहा कोमट झाला म्हणून तो ग्लेंडावर ओरडला. मग एके दुपारी भाजीच्या वाफ्यावरच्या शेडमध्ये त्याने दोन सिगारेटी ओढल्या, दुसऱ्या दिवशी चार. जोआनच्या यंत्रावर आकडा आला चौदा. "शेजारी कुणीतरी ओढत होतं," असं तो तिला म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला शरम वाटली. सिगारेट सोडायची ही नववी वेळ. आपली मातीच कच्ची, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

उरलेल्या बाटल्या परत करायला तो फरजानाकडे गेला.

"परत कशाला काका? कस्टर्ड नासलं?"

"मी नासलोय. मला नाही जमत हे."

"कसं बनवलंत ते तरी सांगा."

"कृतीबरहुकूम. शंभर मिली बेस. त्यात पन्नास निकोटिन, पंधरा कस्टर्ड."

फरजानाने हातातलं काम थांबवलं. "म्हणजे झालं किती?"

"एकशे पासष्ट."

"आणि त्यात निकोटिन निम्मं आहे का?"

रॉय चिडला. "पोरी, पीठ शंभर, पाणी अठ्ठावन्न, यीस्ट तीन, मीठ दोन. जगातला प्रत्येक बेकर असंच मोजतो. मुख्य जिन्नस शंभर, बाकी त्याच्या हिशेबात."

"म्हणजे तुमचा पाव एकशे त्रेसष्ट टक्के भरतो?"

"भरतोच."

"काका, इथे पीठ नाही. इथे सगळं मिळून शंभर. पन्नास निकोटिन, पंधरा कस्टर्ड, आणि बेस उरलेला पस्तीसच. सत्तर-तीस हे त्या पस्तिसातलं प्रमाण." तिने मोबाईलवर आकडे मारले. "तुम्ही नऊ समजून साडेपाच ओढत होतात. दिवसाला पंचवीस ओढणाऱ्या माणसाचं त्यात काय होणार?"

रॉय काउंटरला धरून उभा राहिला. म्हणाला, "मग दोष माझा नव्हता?"

"होता की. गणित चुकलात."

घरी येऊन त्याने ग्लेंडाला सगळं सांगितलं, शेडमधल्या सिगारेटींसकट. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

"ठाऊक आहे मला. शेडमधून पुदिना चघळत यायचास. जन्मात कधी पुदिन्याला तोंड लावलं होतंस?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लपायला आणखी लांब गेला असतास. आणि लांब चालवत नाही तुला."

त्याच संध्याकाळी त्याने जुनं मिश्रण ओतून दिलं आणि नवं केलं. पन्नास, पंधरा, पस्तीस. पहिल्याच झुरक्याला त्याचे खांदे खाली आले. कस्टर्डही कस्टर्डासारखं लागलं, हे मात्र त्याने कबूल करायला दोन दिवस घेतले. शेडकडे तो आता फक्त कांद्याला पाणी घालायला जाऊ लागला.

पंधरा दिवसांनी ग्लेंडाही त्याच्याबरोबर जोआनच्या खोलीत आली. रॉयने श्वास रोखला, नळीत फुंकला. जोआनने आकडा पाहिला आणि त्याचं नाव यादीत घालायला हॉस्पिटलला फोन लावला.

"किती आला?" ग्लेंडाने विचारलं.

"दोन," रॉय म्हणाला.

ग्लेंडाने पर्समधून चष्मा काढला, पण डोळे भरून आल्यामुळे आधी तेच पुसावे लागले. "पुन्हा फुंक," ती म्हणाली. "मला बघायचंय."

जोआनने फोन कानाला धरूनच नवी नळी लावून दिली. रॉयने फुंकलं. पुन्हा दोन.