दादांच्या चकत्यांचा भाव

माझे मामेभाऊ अकोल्यात दिवाणी दाव्यांची वकिली करत. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली पदवी आहे, पदवीखाली ‘नोटरी’ आणि त्याच्याखाली, बाकी मजकुरापेक्षा ठळक अक्षरांत, ‘कसिनो चिप संग्राहक’. पाटी वाचून येणाऱ्या काही अशिलांना वाटे की वकीलसाहेब फावल्या वेळात मोबाइलही दुरुस्त करतात. ज्यांना कसिनो म्हणजे काय ते ठाऊक असे ते जरा दबकतच आत येत. शेताची कागदपत्रं जुगाऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे धाडसच.

दादा जुगारी नव्हते. एक संध्याकाळ सोडली तर त्यांनी आयुष्यात डाव लावला नाही. ती संध्याकाळ काठमांडूची. वकिलांची सहल गेली होती, सगळे कसिनोत शिरले, दादाही शिरले आणि जिंकले. जिंकलेल्या चिप, म्हणजे तिथे पैशांऐवजी चालणाऱ्या चकत्या, मोडून पैसे घ्यायच्या खिडकीपाशी रांग होती. रांगेत उभं राहणं दादांना शोभत नसे. ‘उद्या पाहू’ म्हणून ते चकत्या खिशात घालून हॉटेलवर आले आणि उद्या सकाळी बस सुटली. चकत्या अकोल्याला आल्या. पुढे तो कसिनो बंद पडला, तेव्हा कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये दादांची यथेच्छ टिंगल झाली.

मग कधीतरी त्यांनी वाचलं की बंद पडलेल्या कसिनोच्या चकत्यांना छंदिष्ट लोक चांगली किंमत देतात. त्या दिवसापासून रांगेत उभं न राहणं ही दूरदृष्टी ठरली.

त्यानंतर परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला दादांचा निरोप असे की चॉकलेट आणू नका, एक चिप आणा. लोकांना ते सोयीचं होतं. डॉलरभराची वस्तू, वजन नाही. हळूहळू दादांकडे मखमली खाचांचे डबे जमले. शहरातल्या एका मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावून शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा मी मुद्दाम अमरावतीहून गेलो होतो. व्याख्यान खरोखर चांगलं झालं. दादा म्हणाले, चकतीवर छापलेला आकडा विसरा. चालू कसिनोची शंभराची चकती शंभराचीच. कसिनो बंद पडला की तो आकडा मेला, आणि तिथून खरा भाव सुरू होतो. कसिनोवाले उरलेल्या चकत्या नष्ट करतात. जितक्या जास्त नष्ट झाल्या, तितकी वाचलेली महाग. कडा कोऱ्या हव्यात, रंग मूळचा हवा, डाग नको. हाताळलेल्या चकतीला कोऱ्या चकतीच्या मानाने काहीच भाव येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी एकाने विचारलं, “वकीलसाहेब, आतापर्यंत किती इकल्या?” दादा म्हणाले, “इकायले जमवून राहिलो का मी?”

पण विकायच्या होत्या. निदान वहिनींना तसं सांगितलेलं होतं.

वहिनींचं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या बाजूची एक अंधारी खोली. खिडकी नाही. ओट्याची फरशी मधोमध खचलेली, त्यामुळे त्यावर ठेवलेलं पातेलं कायम एका कुशीवर. फोडणी पडली की ठसका पुढच्या ऑफिसात अशिलापर्यंत पोचे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून खिडकी मागत होत्या. दादांकडे पैसे नव्हते असं नाही, पण आधी मुलांचं शिक्षण, मग लग्नं, आणि ते सगळं उरकल्यावर दादांनी जाहीर केलं की स्वयंपाकघर चकत्यांमधून होणार. “येक चकती इकली की पूरं किचन,” ते पाहुण्यांसमोर म्हणत. मुलगा पुण्याहून आला की म्हणे, “बाबा, मी करून देतो ना.” दादा म्हणत, “तुह्या पैशाचं कायले? तुह्या आईची लक्ष्मी डब्यात पडून आहे.”

घरातल्या सगळ्यांनी, माझ्यासकट, हे बोलणं हसण्यावारी नेलं. एकट्या वहिनींनी ते खरं मानलं. त्या चकत्यांना ‘बंदे’ म्हणत. जुने लोक चांदीच्या रुपयाला म्हणतात तसं.

त्या सगळ्या बंद्यांमध्ये एक बंदा राजा होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा वाळवंटी गावात एक कसिनो उघडला आणि काही महिन्यांतच बुडाला, त्याची ही चकती. दुधी रंग, कडेला निळे ठिपके, मध्ये सोनेरी अक्षरं. दादांच्या एका अशिलाचा मेहुणा तिकडे होता. अशिलाने फीऐवजी ती चकती दिली आणि दादांनी आनंदाने घेतली. त्या दाव्यातली तेवढीच मिळकत. जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या एका साइटवर तशीच चकती दादांनी मला दाखवली होती. तिच्याखाली लिहिलेल्या रकमेत एक बरी मोटारसायकल आली असती.

“हा मागणाऱ्याचा आकडा आहे,” मी म्हणालो होतो. “विकली केवढ्याला गेली ते कुठे दिसतं?”

“जो आकडा लेखी आहे तो पुरावा,” दादा म्हणाले.

दादांनी वरुड, शेंदूरजनाघाटकडच्या संत्र्याच्या बागांचे कितीतरी वाद लढवले होते. बहार धरल्यावर मालक सांगतो तो भाव आणि माल उतरल्यावर व्यापारी देतो तो भाव यांच्यात किती अंतर असतं, हे ते कोर्टाला उत्तम समजावून सांगत. स्वतःच्या बागेची गोष्ट वेगळी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. “अबे, गिऱ्हाईक आलं. पुण्याचा मानूस आहे, खरा संग्राहक. रविवारी घरी येऊन राहिला. तू ये, साक्षीदार पायजे.”

मी सकाळच्या गाडीने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून निघालो. अकोल्याला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की रिक्षाची सीट हात लावून पाहूनच बसावं लागलं. दादांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. टेबलावर हिरवं कापड, कापडावर डबे. कूलर सुरू होता आणि तो बोलण्याच्या आड येतो म्हणून मधूनमधून बंद केला जात होता. वहिनींनी दारातच मला सांगितलं, “भाऊजी, गवंड्याले बोलून ठेवलं मी. आज सौदा झाला की उद्या माप घेऊन जाईन तो. खिडकी पूर्वेले काढतो म्हने.”

पुण्याचे गृहस्थ पन्नाशीचे, शांत, नेमकं बोलणारे. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग भिंग काढलं.

“काहो, उन्हाचं कायले आले दिवसा?” वहिनींनी त्यांना विचारलं. गृहस्थ क्षणभर चमकले. आपण का आलो असं यजमानीणबाई विचारतात, हे त्यांना नवीन असावं. मी म्हणालो, “काळजीने विचारताहेत.” ते हसले. वहिनी पोहे करायला आत गेल्या.

एकेक डबा उघडत गेला. डॉलरच्या चकत्या त्यांनी बाजूला सारल्या. “हे कसिनो चालू आहेत. छापलेली किंमत हीच किंमत, आणि ती घ्यायला तिथे जावं लागेल.” दादांनी मान डोलावली, हे तर त्यांच्याच व्याख्यानातलं होतं. काठमांडूच्या चकत्यांवर मात्र गृहस्थ खूश झाले. टेबलावर त्यांची चवड लावून त्यांनी कडा पाहिल्या. एकही कड घासलेली नव्हती. त्यांनी सांगितलेली रक्कम काही अफाट नव्हती, पण दादांच्या टिंगलीचं पुरेपूर उत्तर होती. दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळी बार रूम होती.

“आता खरी चीज,” म्हणून दादांनी देव्हाऱ्यातून चांदीची डबी आणली.

गृहस्थांनी दुधी चकती हातात घेतली, भिंगाखाली धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“अस्सल आहे,” ते म्हणाले. “पण हा लाल रंग कसला? या चकत्या मातीच्या असतात, सगळीकडे मुरलाय. आणि ही बरेच वेळा धुतलीय. घासून धुतलीय. कडा गोल झाल्यात, सोनेरी अक्षरं अर्धी गेलीत.”

कूलर नेमका बंद होता. आत फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू आली.

तो रंग कसला ते मला लगेच कळलं. दादांना माझ्या आधी कळलं. दर लक्ष्मीपूजनाला वहिनी पूजेच्या ताटात चांदीचे रुपये मांडत, वहीखातं मांडत आणि सगळ्यांच्या मधोमध ही चकती. दादांनीच सांगितलं होतं, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ही. मग सगळ्यात मोठं बोट कुंकवाचं तिला, हळद तिला, अक्षता तिच्यावर. पाडव्याला रुपये रिठ्याच्या पाण्यात घासले जात, त्यांच्याबरोबर तीही. बाकीचे बंदे डब्यात कोरेच्या कोरे राहिले, कारण ते कमी मोलाचे. दादा दरवर्षी त्या ताटासमोर सोवळं नेसून बसत. डोळ्यांसमोर होत असलेलं त्यांनी पाहिलंही होतं आणि व्याख्यानात डाग नको असं सांगितलंही होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी राहिल्या आणि त्यांची ओळख झाली नाही.

“कोरी असती तर मी तुम्ही सांगताय त्याच्या जवळपास गेलो असतो,” गृहस्थ म्हणाले. “अशी मला नकोच. कुणी घेतली तर आठवण म्हणून घेईल. कुणी धुतली हो ही?”

मी दादांना कोर्टात पाहिलं आहे. समोरच्याची चूक सापडली की त्यांचा आवाज चढतो, बोट वर जातं आणि साक्षीदार घाम पुसायला लागतो. मी त्या बोटाची वाट पाहत होतो. दादा उठले, स्वयंपाकघराकडचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि परत येऊन बसले. मग गृहस्थांकडे झुकून जवळजवळ कुजबुजले, “साहेब, येक विनंती आहे. हे घरात बोलू नका. चकती नकली निघाली असं म्हना.”

“पण अस्सल आहे ती.”

“असू द्या ना बाप्पा. तुमचं काय जाते?”

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो. मी होकाराची मान हलवली.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. “झाला का सौदा?”

“काठमांडूच्या गेल्या,” दादा म्हणाले. “ते येक नकली निघाली.”

वहिनी बशी हातातच धरून उभ्या राहिल्या. “कोन्ती येक?”

“डबीतली.”

“नकली? काहून, तुमाले समजलं नाई?”

“नाई समजलं.”

“अन् त्या मानसाले फी सोडली तुमी तिच्यापायी!”

“सोडली.”

“व माय! मंग इतके वर्स मी नकलीची पूजा करून राहिली?” त्या गृहस्थांकडे वळल्या. “तुमीच सांगा भाऊ, यायले संग्राहक कोन म्हनन?”

गृहस्थांनी पोह्यात लिंबू पिळण्यात बराच वेळ घालवला. “फार हुबेहूब केलेली आहे,” ते म्हणाले. “भलेभले फसतील.” परक्या माणसाने एवढं केलं, मला ते आवडलं.

“भलेभले फसन, पन पाटी यायनंच लावली ना,” वहिनी म्हणाल्या. दादा खाली मान घालून पोहे खात होते. वकिली सोडाच, घरातसुद्धा ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेले नव्हते. आता ते म्हणाले, “पाहन्यात चुकलं माह्यं.”

काठमांडूच्या चकत्यांत ओट्याचा दगड निघत होता. खिडकी, टाइल्स, मजुरी निघत नव्हती. गवंड्याला उद्या बोलावलेलं होतं. वहिनींनी तो विषय काढला नाही. त्या बशा गोळा करायला लागल्या, आणि दादांना बहुधा ते सगळ्यात जड गेलं. “गवंडी येऊ दे उद्या,” ते म्हणाले. “बँकेतली येक ठेव मोडतो.”

“ते तुमी आजारपनासाठी ठेवली ना?”

“पडलो आजारी त पाहू.”

संध्याकाळी गृहस्थांना स्टेशनवर सोडायला आम्ही दोघे गेलो. परतताना मी दादांना विचारलं, खरं सांगितलं असतं तर वहिनी काय म्हणाल्या असत्या? दादा रिक्षातून बाहेर पाहत होते. “काई म्हनली नसती,” ते म्हणाले. “पुढच्या दिवाळीले कुंकवाचं बोट लावाच्या आधी माह्याकडे पाह्यलं असतं तिनं.” आणि मग, कोर्टातल्या आवाजात, “तू कोनाले सांगू नको.”

दिवाळीनंतर मी नवं स्वयंपाकघर पाहायला गेलो. खिडकी चांगली मोठी आहे. सकाळचं ऊन सरळ ओट्यावर येतं. वहिनींची अमरावतीची बहीण आणि दोन शेजारणी आल्या होत्या, चहा होत होता, आणि वहिनी गोष्ट सांगत होत्या. आता ती चांगलीच घोटलेली आहे. अशील येतो, फी बुडवतो, नकली चकती हाती ठेवतो. वकीलसाहेब तिला चांदीची डबी करतात. पुण्याचा माणूस भिंग लावतो आणि पाहता क्षणीच म्हणतो, नकली. बायका पोट धरून हसत होत्या. दादा दारातल्या खुर्चीवर पेपर वाचत होते.

“काय जी, खरंच वळखू आली नाई तुमाले?” बहिणीने विचारलं.

दादांनी पेपर खाली केला. वहिनी चहा गाळता गाळता त्यांच्याकडे पाहत होत्या. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच नीट दिसत होता.

“नाई ना,” दादा म्हणाले. “साफ फसलो.”