गिऱ्हाईक आत, मालक दाराशी

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात काय पाहायचं असं विचारलं की लोक पोचेरा आणि कुंतालाचे धबधबे सांगतात, बासरची सरस्वती सांगतात. मीही तेच सांगतो. पण या भागातला माझा सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवास किराणा दुकानं पाहण्यासाठी केलेला होता. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो, नुकताच नोकरीला लागलेला. आता पन्नाशीला टेकलोय, म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवतो.

त्या दिवाळीत ताई माहेरी आली होती, भैंशाजवळच्या आमच्या गावी. चुलीशी बसून तिनं आईला हळूहळू सगळं सांगितलं. भाऊजींचे डोळे जात होते. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतला पडदा सुकत चाललाय, त्यावर इलाज नाही. अंधार पडला की त्यांना काहीच दिसत नसे, आणि दिवसा नळीतून पाहावं तेवढंच दिसे. बोथला त्यांचं वडिलांच्या वेळेपासूनचं किराणा दुकान. तिथं मिठाच्या जागी धुण्याचा सोडा दिला गेला, आणि गिऱ्हाइकानं तो परत आणून सगळ्यांदेखत फळीवर आपटला. एक कापडवाला दुकान भाड्यानं घ्यायला तयार होता. होळीनंतर देऊन टाकू, असं ताईच्या मनानं घेतलं होतं. भाऊजींचं मागणं एवढंच होतं की आदिलाबादला म्हणे नवीन दुकान झालंय, तिथं गिऱ्हाईक आपल्या हातानं सामान घेतं. ते दिसतंय तोवर एकदा पाहू द्या, मग काय करायचं ते करा.

सोबत कोणीतरी हवं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी रजा टाकली.

ताईला घेऊन भैंशाहून सकाळच्या लाल बसनं बोथला निघालो. कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस अडकलेला. निर्मलला बस बदलावी लागे. पुढे घाट लागतो. तेव्हा रस्ता अरुंद होता, ट्रकमागे ट्रक, आणि वळणावळणावर माकडं खिडकीकडे हात करत बसलेली. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, सागाची पानं गळण्याआधी. घाट संपल्यावर हमरस्ता सोडून बोथला आत जावं लागतं. दुपारच्या जेवणाला पोचलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. असं जेवण कुठल्या हॉटेलात मिळेल याचा पत्ता मला अजून लागलेला नाही.

ते दुकान मला लहानपणापासून माहीत होतं. ताईच्या लग्नानंतर, ऐंशीच्या दशकात, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं जाऊन राहायचो. दाराला खाचेत सरकवायच्या फळ्या. आत शिरायची सोय नाहीच. ओट्यावर उभं राहायचं आणि मागायचं. समोर गादी, वर लोंबणारा तराजू, छतातून खाली येणारा सुतळीचा दोरा. गोण्यांची तोंडं दुमडून गोल केलेली, त्यात डाळी आणि मिरच्या. मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे छतापर्यंत, आणि सगळ्यांवर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे लाल बल्ब. मला ते देवळाच्या गाभाऱ्यासारखं वाटे. आपण बाहेर उभं राहायचं, आतल्यानं प्रसाद द्यायचा.

दुसऱ्या दिवशी इचोड्याला गेलो. भाऊजी दिवसा चालायचे बरे, पण पायरी आली की त्यांचा हात माझ्या खांद्यावर येई. इचोडा म्हणजे ट्रकवाल्यांचं गाव. तिथली दुकानं दहाएक वर्षांत पार बदलली होती. गादी गेली होती, काचेचं काउंटर आलं होतं, वर सनमायका. मागं आरसे लावलेले, म्हणजे पाच डबे दहा दिसत. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा छतापासून लोंबत होत्या, लग्नाच्या मांडवात पताका लावाव्या तशा. काचेवर कागद चिकटवलेला, ‘हात लावू नका.’

भाऊजी एका वेळी एकच बरणी पाहू शकत. बाकीचं मी सांगायचो. मी आरशात गुंगलो तर म्हणाले,

“काऊन रे, सोताचंच तोंड पाहून राह्यला काय? मले सांग ना, काय हाय मागं.”

“माल थोडाच आहे भाऊजी. आरशानं भरलेला दिसतो.”

“मंग तं हे दुकान मले लय चांगलं. दोनाचे चार दिसतीन.”

ते हसले, मीही हसलो. पण ढाब्यावर डाळ-भात त्यांनी निम्माच खाल्ला. काउंटर काचेचं झालं तरी आत उभ्या माणसालाच सगळं शोधून, काढून द्यायचं होतं. त्यांना हवं ते इचोड्यात नव्हतं.

संध्याकाळच्या आत आदिलाबादला पोचलो. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो, खोली साठ रुपयांना होती आणि उशा दगडासारख्या. सकाळी अंघोळ करून, जवळच्या मारुतीला नमस्कार करून त्या दुकानात गेलो. नाव सांगत नाही, आता ते नाहीही.

दारातच मी थबकलो. पांढरी चकचकीत फरशी, भर दिवसा ओळीनं पेटलेल्या ट्यूबलाइटा, भिंतींना पिस्ता रंग. काउंटर मागं नव्हतं, दाराशी होतं. मालक दाराशी, माल आत, आणि मधल्या गल्ल्यांतून प्लास्टिकच्या टोपल्या घेतलेली माणसं. कुठलासा पंखा अगरबत्तीचा वास सगळीकडं फिरवत होता. बाहेर पायऱ्यांवर चपलांचा ढीग. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. पण इतक्या स्वच्छ फरशीवर चपला घालून जायला खेड्यातल्या माणसाला धीर होत नाही. मीही काढल्या.

आमच्यापुढं एक शेतकरी जोडपं होतं, सीमेकडच्या कुठल्यातरी गावचं. बाई फळीसमोर उभी राही आणि दाराकडं तोंड करून मोठ्यानं विचारी, “हा साबन घेऊ का जी? हिरवा?”

काउंटरवरचा पोरगेला माणूस हिंदीत म्हणाला, “ले लो अम्मा, पूछना नहीं पड़ता.”

ती दोन पावलं गेली, पुन्हा, “चहाचं पुडकं घेऊ? हे लाल?”

नवऱ्याला संकोच वाटू लागला. लोक पाहत होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, घेऊन टाक की, तो हो म्हणून राह्यला ना.

“इचारल्याबिगर दुसऱ्याच्या वस्तूले हात लावू का मी?” ती म्हणाली. “माह्या मायनं असं नाई शिकोलं.”

एक-दोन शहरी बायका हसल्या. मलाही हसू आलं. मी भाऊजींकडं वळलो तर ते फळीला टेकून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं घेरी आली. हाताला धरलं तर म्हणाले, थांब जरा, तिचं होऊ दे.

ते जोडपं बाहेर पडल्यावर भाऊजींनी मला पायऱ्यांवर बसवलं.

“तिनं काय काय नेलं, सांगू? हिरवा साबन. चहा, लाल. खोबऱ्याचं तेल, लहान डबी. हळद. आगपेट्या. अन् बिस्किटाले हात लावला, पन ठेवून देल्ला. बरोबर हाय का नाई?”

बरोबर होतं. मी डोळे उघडे ठेवून त्यातलं निम्मं विसरलो होतो.

“आपल्याकडची सगळी मानसं अशीच हाय,” ते म्हणाले. “इचारल्याशिवाय नाई घेत. मले फक्त दाराशी बसायचं हाय.”

मी देवाला मानणारा माणूस आहे, पण चमत्कार वगैरे चटकन म्हणत नाही. त्या दिवशी मात्र चपला पायात घालताना त्या अनोळखी बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. तिच्या गावाचं नावही विचारलं नाही, याची हळहळ अजून वाटते.

बोथला परतल्यावर ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि चिडली. उघडं दुकान आणि दाराशी न दिसणारा मालक, मग काय, गाव बैलगाड्या घेऊनच येईल, असं म्हणाली. भाऊजींनी शांतपणे सांगितलं की आत्ता सोडा मीठ म्हणून देऊन ते स्वतःच दुकान बुडवत होते, लोकांना तरी एकदा संधी द्यावी. शेवटी ठरलं ते असं: होळीपर्यंत चालवून पाहायचं. नाही जमलं तर कापडवाल्याला किल्ली.

मी रजा वाढवली. दाराला पत्र्याचं शटर बसवलं. गावातल्या सुतारानं दाराच्या फळ्या आणि समोरची जुनी मोठी फळी काढून त्यांचेच रॅक केले, भिंतीला लागून, बाईमाणसाचा हात पोचेल एवढेच उंच. जागा भाऊजींनी नाकानं ठरवल्या. साबण मसाल्यांपासून लांब, चहा तेलापासून लांब. रंग तो आदिलाबादचाच, पिस्ता. ट्यूबलाइट किती लावायच्या यावरून माझा त्यांचा वाद झाला. मी एक म्हणत होतो, त्यांनी चार लावल्या. मला अंधार झाला म्हणून गिऱ्हाइकानं काऊन चाचपडावं, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी बोथमधलं सगळ्यात उजेडाचं दुकान ज्याला दिसत नव्हतं त्याचं होतं.

लक्ष्मीची तसबीर कुठं लावायची हा प्रश्न मला सतावत होता. मागची भिंत आता मालानं भरणार. भाऊजींनी ती दाराच्या वर, आतल्या बाजूनं, फळ्यांकडं तोंड करून लावायला सांगितली.

“आता देवीलेच पहाऱ्यावर बसवता का?” ताई म्हणाली.

“पहाऱ्यावर काऊन? सोबतीले.”

शुक्रवारी पूजा करून दुकान उघडलं. लोक ओट्यापाशी आले, आत पाहिलं, आणि तिथंच उभे राहिले. कुणी आत येईना. एक दोघं नुसतं पाहून निघून गेले. ताई दाराआड पदर तोंडाशी धरून उभी. भाऊजी खुर्चीवर ताठ बसलेले. मला वाटलं, संपलं.

मग सोनाळ्याकडची एक म्हातारी आली, जुनी गिऱ्हाईक. तिनं नेहमीसारखा गूळ मागितला.

“आत ये माय, हातानं घे,” भाऊजी म्हणाले.

“काऊन? तुहे हात दुखतात काय?”

“डोळे दुखतात.”

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली. मग आतून तिचा आवाज येऊ लागला. गूळ घेतला रे, लहान भेली. मिठाचं पुडकं घेऊ? हा साबन कितीचा? नाई, महाग हाय, राहू दे, ठेवला. प्रत्येक वस्तूला भाऊजी “घे माय” म्हणत आणि बोटांवर हिशेब धरत. तिनं पैसे त्यांच्या तळहातावर एकेक मोजून ठेवले. जायला निघाली, मग वळली.

“इतक्या सालात आज तुहं तोंड नीट पाह्यलं बाबा,” ती म्हणाली. “नाई तं नेहमी पाठच दिसे.”

खरंच होतं. जुन्या दुकानात मालक सारखा मागं वळून डबे काढत असायचा. भाऊजींनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वर केली. ओट्यावर थबकलेली माणसं तिच्यामागून एकेक आत शिरू लागली.

सगळेच विचारून घेत नसत. नोकरीवाले, घाईतले लोक गुपचूप उचलून समोर ठेवत. मग भाऊजी हातात घेऊन, हुंगून वस्तू ओळखत, अडलं तर त्यालाच विचारत. काहीच चोरीला गेलं नसेल असं मी म्हणत नाही. भाऊजी म्हणायचे, गोण्यांतलं उंदीरही खायचे, त्यांना कुठं कोणी बोललं.

होळी झाली. कापडवाल्यानं निरोप पाठवला, तेव्हा ताईनंच सांगितलं की दुकान द्यायचं नाही. पुढं वर्षभरात भाऊजींना दिसायचं अगदी बंद झालं आणि दुकान चालत राहिलं.

पण हे नंतरचं. दुकान उघडल्यानंतर दोन दिवसांनी मी परत निघालो. बोथच्या फाट्यावर बस मिळाली, घाटात पुन्हा तीच माकडं. ताईनं बांधून दिलेल्या दशम्या निर्मलच्या स्टँडवर खाल्ल्या. त्यानंतरच्या वर्षांत मी पुष्कळ मोठी दुकानं पाहिली. थंडगार, आरपार काचेची, गाणी वाजणारी. कामाचीच आहेत, नावं ठेवत नाही. पण दुकानाचा रंग, दिवे, फळ्या बदलणं म्हणजे नुसती सजावट, असं मला तेव्हापासून वाटत नाही. कोण कुणाकडं तोंड करून बसणार, हे त्यानं ठरतं. एका माणसाचं दुकान त्यावर टिकलेलं मी पाहिलं, आणि ते पाहायला मला सोबत नेलं गेलं, हे माझं भाग्य.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात कापसातली सरकी काढत बसली होती. पाणी द्यायच्या आधीच तिनं विचारलं, “राह्यते का दुकान?”

“राह्यते,” मी म्हणालो.

ती हात झटकून उठली, आत गेली आणि देवापुढं दिवा लावला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.