माझ्या कमरेच्या मापाची चूल

गवंड्याने विचारलं, "दादा, उंची किती ठेवू?" आणि मी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून म्हणालो, "एवढी. तवा इथे यायला हवा."

त्याने टेप लावली आणि आकडा चिऱ्यावर पेन्सिलीने लिहिला. पेन्सिल कानावर ठेवताना मात्र तो जरा घुटमळला. "भाकऱ्या कोण भाजणार? वहिनीच ना? मग त्यांनाच उभं करा की घडीभर."

"ती म्हसळ्याला आहे, बहिणीकडे. आणि तिला सांगायचंच नाहीये. गंमत आहे."

"व्हय," तो म्हणाला. त्या 'व्हय'मध्ये बरंच काही होतं. पण मी घाईत होतो आणि स्वतःवर खूश होतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या हातून काय काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

चूल बांधायची वेळ आली ती बायकोच्या गुडघ्यामुळे. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना शक्यतो टाळायचा. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या स्वयंपाकघरात ओटा आहे, त्यावर गॅस आहे, बघणाऱ्याला वाटावं की इथे सगळं उभ्यानेच चालतं. पण तीस वर्षं मी जे जेवलो, ते सगळं मुळात जमिनीवर झालेलं होतं. भाजी चिरायची ती जमिनीवर बसून विळीवर. नारळ खवायचा तो खवणीवर बसून. आणि तांदळाच्या भाकऱ्या मागच्या दारी, वाडीत, नारळीच्या सावलीतल्या चुलीवर, पाटावर बसून. गॅसवरच्या भाकरीला बायको भाकरी मानतच नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर तिने काही आरडाओरडा केला नाही. विळीला जुनं फडकं गुंडाळलं, खवणी त्याच्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "माळ्यावर टाका." मी टाकली. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे पोळीवालीच्या पोळ्या आणि मऊ भात. ती कशावर रागावत नव्हती, हे सगळ्यात वाईट. मी दूध उतू घालवलं तरी "असू दे" म्हणायची. आमच्या संसारात 'असू दे' हा शब्द पूर्वी कधी ऐकला नव्हता.

अशात मुलीचा फोन आला. ती न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. ऑफिसातल्या चौघांना घेऊन रविवारी येते म्हणाली, आईच्या हातच्या भाकऱ्या खायला घालते असं तिने त्यांना केव्हापासून कबूल केलं होतं. बायको म्हणाली, "तिला कळवा, नको म्हणावं. माझं आता झालं ते. विकतचं जेवायचं असेल तर तिकडेच जेवा." मी "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही. एकदा हा रविवार रद्द केला, की पुढचे सगळे आपोआप रद्द होतील आणि विळी माळ्यावर राहील ती राहीलच, अशी मला भीती वाटली. बायको गुडघ्याचे व्यायाम शिकायला आठ दिवस बहिणीकडे गेली, आणि मी ठरवलं, की रविवारच्या आत हिचं सगळं स्वयंपाकघर जमिनीवरून उचलून उभं करायचं.

सुरुवात फोनवरून मागवण्यापासून केली. दोरी ओढली की कांदा बारीक होतो असा एक डबा आला. मी उत्साहात जास्त ओढली. त्यातून जे निघालं ते कांद्याचं पिठलं म्हणून खपलं असतं. मग हाताने फिरवायची खवणी आली. तिला खाली रबराची वाटी होती, ती म्हणे ओट्याला घट्ट चिकटते. गुळगुळीत फरशीला चिकटत असेल. आमचा कडाप्पा जुना आणि खरबरीत. मी एका हाताने नारळ दाबला, दुसऱ्याने दांडा फिरवला, आणि ती खवणी नारळासकट ओट्याच्या टोकापर्यंत चालत गेली. मी मागे मागे.

मग बोर्ली पंचतनला बाजारात गेलो. तिथे भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. मालक शेठजींच्या तीन पिढ्या इथेच गेल्या, पण हिशेब आणि उपदेश अजून गुजरातीतून सुरू होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो भाभीने साथे लावो ने! आणा की त्यांना बरोबर. घेणार तुम्ही, वापरणार त्या. त्यांचा हात कुठे पोचतो ते बघितल्याशिवाय मी काय देऊ?"

"तुम्ही दाखवा तर खरं."

त्यांनी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची विळी काढली. उभ्याने चिरायची, टोकाला खवणी. पातं जाड, लोखंडी, धार लावून घेता येईल असं. "चकचकीत काही नेऊ नका," ते म्हणाले. "खारी हवा आहे आपली. तेलाचा हात फिरवत राहिलात तर लोखंड टिकतं. स्प्रिंगवालं, खटक्यावालं, ते दोन पावसाळे काढणार नाही." मग एक बिडाचा तवा दिला, मधे किंचित खोलगट, आणि लांब दांड्याचं उलथनं. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागत होतो.

पण दाराशी एक घडीचा बार्बेक्यू टांगला होता. होमस्टेवाले नेतात, शेठजी म्हणाले, पण स्वतः ते तो विकायला फारसे उत्सुक दिसत नव्हते. मला मात्र तो फार आवडला. कोळसे, वर जाळी, उचलून कुठेही न्या. घरी आणून वाडीत मांडला तेव्हा कळलं, की त्याचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत येतात. खाली बसता येत नाही म्हणून आणलेल्या वस्तूपुढे मी स्वतः दुपारभर वाकून फुंकर घालत होतो. त्यावर भाजलेली एकुलती एक भाकरी जाळीला चिकटली ती चौकोनाचौकोनानेच निघाली. पुढे चार दिवसांत बिजागरीला गंज चढला. आता त्यात कढीपत्त्याचं रोप आहे, आणि ते बरं वाढतंय.

त्या चिकटलेल्या भाकरीनंतर कुठे मला सुचलं, की जुनीच चूल उंच करावी. जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा, खाली लाकडं ठेवायला कोनाडा, वर चूल, आणि पुढे हातभर कट्टा, निखारे ओढून त्यांच्यासमोर भाकरी उभी करून फुगवायला. गवंड्याने तीन दिवसांत बांधली. देखणी झाली. मी तव्यापुढे उभा राहून पाहिलं. कंबर ताठ, खांदे मोकळे. वाटलं, इतक्या बायका इतकी वर्षं वाकून का मेल्या? कोणाला सुचलं कसं नाही?

शनिवारी दुपारी बायको आली. मी तिला डोळे मिटायला सांगून मागच्या दारी नेलं. हे आमच्या वयाला शोभत नाही, पण मी नेलं. तिने डोळे उघडले. मी पावणेसहा फूट आहे. ती पाच फुटांना दोन बोटं कमी. तवा बरोबर तिच्या छातीशी होता.

तिने हात उचलून तव्याला लावला, जसा आपण फळीवरच्या डब्याला लावतो.

"यात मी डोकावू शकते," ती म्हणाली. "भाजू नाही शकत."

मी धावत जाऊन पाट आणला. "यावर उभी राहून बघ."

"डॉक्टर जिना चढू नको म्हणतात, आणि तुम्ही मला विस्तवापुढे पाटावर चढवताय?"

पाट मी परत नेला. आता उरलेलं सांगून टाकणं भाग होतं. "अगं, ती उद्या येतेय. चौघांना घेऊन."

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"नाही."

मग शेठजी आणि गवंडी काय म्हणाले होते तेही सांगून टाकलं, आणि पुढे जे झालं त्याचं सविस्तर वर्णन करत नाही. मला विचारल्याशिवाय तुमच्या मापाचं काय म्हणून बांधलंत, मी काय फळीवरची बरणी आहे का, शेठजींनी सांगितलं होतं ना, गवंड्याने सांगितलं होतं ना, तीस वर्षांत मी किती उंच आहे हे एकदा तरी बघितलंत का. शेजारच्या वाडीतला कुत्रा उठून उभा राहिला. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि आतून, खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटत होतं की हसू दाबावं लागलं. महिनाभराने ती माझ्यावर ओरडत होती. 'असू दे' गेलं होतं.

रविवारी सकाळी मी चूल पेटवली, कारण तिथे हात पोचणारा घरात मी एकटाच होतो. नारळीच्या झावळ्या, करवंट्या, दोन जाड ओंडके. धूर डोळ्यांत. थोड्या वेळाने मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ टेबल. तिने परात मांडली, तांदळाची उकड काढून आणली होती, ती मळायला घेतली.

"ते मागचं लाकूड बाहेर ओढा. जाळ तव्याच्या मधे हवा."

मी ओढलं.

"एवढं नाही!"

ती खुर्चीवर बसून भाकरी थापायची, तळहातावर उचलून माझ्या तळहातावर द्यायची आणि मी ती तव्यावर टाकायचो. पहिली मी दुमडूनच टाकली. दुसरी तव्याच्या कडेवरून लोंबकळली. तिसरीला ती म्हणाली, "हात झटकू नका, सोडा. विस्तव चावत नाही." चौथीवर पाणी फिरवायचं विसरलो. पाचवी उलटली, निखाऱ्यांसमोर उभी केली, आणि ती फुगली. टम्म. मी आणि बायको दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"जळेल ती," बायको म्हणाली.

मधल्या वेळात ती आत गेली आणि मला विळी चालल्याचा आवाज ऐकू आला. ओट्याच्या कडेला आवळलेल्या नव्या विळीवर, उभ्या उभ्या, तिने चटणीसाठी नारळ खवला. बाहेर येऊन म्हणाली, "ती जरा डावीकडे सरकवून द्या. खिडकीचा उजेड पात्यावर येत नाही." बरी आहे की वाईट, ते सांगितलं नाही. पण सरकवून द्या म्हणजे ठेवायची आहे, एवढं मला कळतं.

मुलगी आली तेव्हा मी बनियनवर, कपाळाला राख, उलथनं हातात. चौघांनी मला आधी कामाला ठेवलेला माणूसच समजलं असावं. मुलगी वाडीच्या फाटकातच थांबली. "बाबा? आई कुठेय? तुम्ही काय करताय?"

"भाजतायत," बायको खुर्चीवरून म्हणाली. "बोलू नका त्यांच्याशी, लक्ष जातं."

वालाचं बिरडं, चटणी, भाकऱ्या. एकाने सहा खाल्ल्या. चौघांतली एक मुलगी बायकोला म्हणाली, "काकू, अशी उंच चूल आमच्या गावी आईला पाहिजे. किती उंची ठेवायची?"

मी पाणी आणायला आत गेलो.

चारच्या सुमाराला गाडी गेली. बायको मागच्या दारी खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. गुडघा दुखतोय का विचारलं, तर म्हणाली थोडा, रोजच्यासारखा. मी निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणालो, "गवंड्याला बोलावतो उद्या. वरचे दोन थर काढून टाकायला सांगतो."

"काढू नका," ती म्हणाली. "ही तुमची आहे, राहू दे. हिच्या शेजारी जागा आहे ना, तिथे माझी बांधायला सांगा. आणि माप द्यायला मी उभी राहीन. तुम्ही नुसती टेप धरा. तेवढं जमेल?"