तुझी माणसं आलीत

वैद्य मॅडम पक्षकाराशी बोलताना चष्मा काढायच्या आणि ज्युनिअरवर ओरडताना घालायच्या. मला त्या बहुतेक वेळा चष्म्यातच दिसल्या. लॉ करताना मी त्यांच्या चेंबरमध्ये काम शिकायला जायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे आवाज फुटायचा नाही. "पुटपुटू नकोस गावित, जज काय तुझ्या तोंडाजवळ कान आणणार आहेत?" हे रोजचं.

त्यांचा राग खोटा नव्हता. नाशिकच्या कोर्टात इतकी वर्षं काढूनही त्यांच्याकडे घटस्फोट आणि पोटगीच यायची. जमिनीची कामं पुरुष वकील आपापसात फिरवत. यावरून एकदा बाररूममध्ये बैठक झाली. आम्हा विद्यार्थ्यांनाही बसू दिलं होतं. एक ज्येष्ठ वकील हसत म्हणाले, "मॅडम, बाईचं दुःख बाईलाच कळतं, म्हणून पाठवतो. हा तर मान झाला."

"माझ्या सनदेवर 'फक्त बायकांसाठी' असं छापलंय का?" मॅडम कडाडल्या.

मला राहवलं नाही. मी हरसूलची. तिकडचे आदिवासी पक्षकार आले की मॅडम हाक मारायच्या, "गावित, तुझी माणसं आलीत." शहरातल्या पक्षकारासमोर मात्र त्यांनी मला कधी बसवलं नव्हतं. मी उभी राहून एवढंच म्हणाले, "मॅडमचं बरोबर आहे. माझंही तसंच होतं. मला फक्त आमच्याकडचेच पक्षकार मिळतात."

"घ्या मॅडम, घरचा आहेर!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी बाररूम हसली.

चेंबरमध्ये आल्यावर मॅडमनी दार आपटलं. "त्यांच्या हातात आयती काठी दिलीस! तुला त्या लोकांची भाषा येते म्हणून देते मी."

"ते सरही तुम्हाला तसंच म्हणाले, मॅडम."

"बाई म्हणून मी इथं काय सोसलंय, तुला काय माहीत?"

"नाही माहीत. पण माझंही तुम्हाला नाही माहीत."

"निघ इथून."

दुसऱ्या दिवशी मी माझी पुस्तकं न्यायला गेले. गंगापूर रोडचे एक गृहस्थ प्लॉटच्या वादाचे कागद घेऊन बसले होते. मॅडमनी मला पाहिलं, खुर्चीकडे बोट केलं. "बस. यांची हकीकत लिहून घे," म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

गृहस्थांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग कागद गोळा करून मॅडमना म्हणाले, "राग मानू नका, पण प्लॉटचं काम आहे. हिच्या हातात कसं देऊ?"

"ती माझी ज्युनिअर आहे."

"तरीपण." ते गेले.

"झालं समाधान?" मॅडम माझ्यावर उसळल्या. "कधी नव्हे ते जमिनीचं काम आलं होतं!" मी पुस्तकं उचलली. "ठेव ती खाली. आणि मी चुकले वगैरे डोक्यात आणू नकोस. काल बोललीस ते बोलायची ती जागा नव्हती."

बाहेर कॉलेज रोडचे एक दुकानदार थांबले होते. मॅडमनी कोरे कागद माझ्यापुढे आपटले.

"हाही पळाला तर तुझी खैर नाही. बोलाव त्याला. आणि मोठ्यानं बोल."