सगळ्यांत मागची सायकल

हेल्मेट घातलेल्या सायकलवाल्यांची रांग रस्त्यावर दिसली, की मी आजही सगळ्यांत मागच्या माणसाकडे पाहतो. एका प्रकरणाने लावलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

मी तेव्हा आष्टी भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. माझा स्वभाव मुळातच संशयी. बायको म्हणायची, हा माणूस देवळातला प्रसादही हुंगून खाईल. त्यात आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आणि नदी ओलांडली की दुकानं उघडी. पुलावरून येणाऱ्या दुधाच्या कॅनवरही माझा विश्वास नसे.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. "चिखलदऱ्याहून सायकलवाले येऊन राह्यले. सगळ्यांत मागं एक बाई आहे. तिच्या सीटमागच्या पिशवीत दारू आहे." नाव विचारताच फोन बंद. ठाणे अंमलदाराने नंबर टिपला, स्टेशन डायरीला नोंद केली. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन आम्ही पुलाजवळ नाकाबंदी लावली.

सहा जण आले. वर्धा-सेलूकडची शिकलेली, नोकरदार माणसं. मेळघाटातले घाट चढून-उतरून घरी निघाली होती. मागे खरंच एक बाई होती. चाळिशीची, शाळेत शिक्षिका. तिचा नवराही त्याच गटात होता, कुठल्याशा कार्यालयात बाबू. महिला शिपायाने बाईंची पिशवी उघडली. पंक्चरचं सामान निघालं, रेनकोट निघाला, आणि रेनकोटात गुंडाळलेली दारूची भरलेली बाटली निघाली.

बाईंनी हात जोडले. "साहेब, हे माही नाई. गुन्हा दाखल झाला तर मी निलंबित होईन. वर्गातल्या पोरींपुढं कोनत्या तोंडानं उभी राहू?"

'माझी नाही' हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आलो होतो. पंचनामा केला, बाटली मुद्देमाल म्हणून सील केली आणि सगळ्यांना ठाण्यात आणलं.

एकेकाला वेगळं बसवून विचारपूस सुरू केली. सगळे बाईंच्या बाजूने बोलत होते, आणि सगळे एका सुरात बोलू लागले की माझे कान टवकारतात. गटाचा म्होरक्या, पिकल्या मिशांचा निवृत्त मास्तर, तर माझ्यावरच उखडला. "साहेब, घाट चढाचा म्हनून आम्ही साबनाचीबी अर्धीच वडी घेतो. भरली काचेची बाटली कोन वाहून नेते?"

"मग बाई मागे का होत्या? दमल्या होत्या?"

"त्या दमतात? घाटात सगळ्यांच्या आधी त्याच वर पोचल्या. मागं राह्यची पाळी असते, साहेब. मागच्यानं कोनाले सोडून पुढं जायचं नाई. थांब्यावर त्यानं 'मागं कोनी नाई' असं सांगितलं, की मगच बाकीचे निघतात. आजची पाळी सकाळी मोर्शीले चहा पेताना ठरली."

मी हातातला पेन खाली ठेवला. पाळी चहाच्या वेळी ठरली, आणि खबर देणाऱ्याला ती ठाऊक होती. म्हणजे तो त्या चहाला हजर होता. दारूपेक्षा आता मला खबरेचाच वास येऊ लागला.

टिपलेला नंबर लावला. मोर्शीच्या टपरीवाल्याने उचलला. "हो साहेब, एका सायकलवाल्यानं फोन मांगला. बॅटरी गेली म्हने. नाव नाई माहीत मले. बाकीच्यांनी शक्कर वाढवून मांगली अन् यानं एक चहा बिनशक्करचा सांगितला, तेवढं ध्यानात आहे."

मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. साखर कोण नको म्हणतो, याकडे माझं लक्ष. कोणीच काही बोलेना. शिपाई दारापर्यंत गेला, तेवढ्यात तो बाबू सवयीने म्हणाला, "हिच्यासाठी बिनशक्करचा आनजा."

त्याला आतल्या खोलीत घेतलं. "टपरीवरही बायकोचा चहा तुम्हीच सांगितला. आणि फोनही तुम्हीच केला."

मी कागद पुढे ओढला. "ठीक आहे. बाईंवर गुन्हा दाखल करतो."

"केस नका करू साहेब! मले वाटलं, दम देऊन सोडून द्याल."

बोलून गेला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सगळंच बाहेर आलं. बाटली त्याने आदल्या दिवशी परतवाड्यात घेतली होती आणि सकाळी मोर्शीत गुपचूप बायकोच्या रेनकोटात गुंडाळून ठेवली होती. "मीच तिले या गटात आनलं, साहेब. अन् घाटात ती वर उभी, सारे टाळ्या वाजवून राह्यले, अन् मी सायकल हाती धरून पायी. एकदा पोलिसांनी अडवलं का आपसूक घरी बसंल, असं वाटलं."

मला त्याचा भयंकर संताप आला. अजूनही येतो. चोर-दरोडेखोर परवडले, आपण कोणाचं वाईट करतोय हे त्यांना कळत तरी असतं. हा माणूस बायकोच्या चहातली साखर सांभाळत होता आणि तिच्या भाकरीत माती कालवत होता.

दारू बाळगल्याचा आणि खोटी खबर दिल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला. बाईंना मी स्वतः सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाटली निघाली तवा सारे माह्याकडे पाहून राह्यले होते, साहेब. हे तेवढे जमिनीकडे."

ते मला दिसायला हवं होतं, पण मी बाटलीकडे पाहत होतो. खबर आली की आम्ही पोलीस आरोपीमागे धावतो. खबर देणाऱ्याला काय हवंय, हे मी त्यानंतर आधी तपासू लागलो. ते कळलं की अर्धा तपास तिथेच होतो.

उन्हं कलली. आवारात पाच जण सायकली घेऊन उभे राहिले, सहावी भिंतीला टेकलेली. बाबू व्हरांड्यातल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. म्होरक्या अवघडून म्हणाला, "बाई, थांबाचं का?"

मागे राहायची पाळी अजून त्यांचीच होती. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

"चला," त्या म्हणाल्या, "मागं कोनी नाई."